विश्लेषण : घोरणारा माणूस खरेच गाढ झोपेत असतो का? जुन्नर-आंबेगावच्या जागत्या रात्री आणि झोपेत अडणारा श्वास

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अनेकांची रात्र कामात जाते. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे कॅरेट भरलेले पिकअप रात्रीच्या वेळी मुंबई-पुण्याकडे धावतात. गळीत हंगामात उसाच्या गाड्या पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. शेतीची लाईट रात्रपाळीला असली, की बिबट्याची भीती असूनही शेतकरी दारे धरायला बाहेर पडतो. त्यामुळे दिवसा कोणी पेंगताना दिसला, की ‘जागरण झाले असेल’ एवढ्यावर विषय संपतो. पण या पेंगणाऱ्यांपैकी काहींची झोप कामाने मोडलेली नसते. ते अंथरुणावर सात-आठ तास पडलेले असतात, घरभर ऐकू जाईल असे घोरतही असतात. तरीही त्यांची झोप झालेली नसते, कारण रात्रभर त्यांचा श्वास घशात अडत असतो. या विकाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणतात. तो काय आहे, लक्षात का येत नाही आणि त्यावर उपाय काय, याविषयी…

झोपेत श्वास अडतो म्हणजे नेमके काय होते?

श्वासाची वाट नाकापासून सुरू होते. पुढे मऊ टाळू, पडजीभ, टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग अशी ती स्वरयंत्रापर्यंत येते. नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा आधार असतो. स्वरयंत्राखालच्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात. मधल्या घशाला मात्र असा सांगाडा नाही. तो भाग स्नायूंनी उघडा धरून ठेवलेला असतो.

शेतकऱ्याला हे चटकन समजेल. विहिरीवरच्या मोटरीला पाणी ओढण्याच्या बाजूने कडक पाइप लावतात. तिथे मऊ पाइप लावला, तर मोटर सुरू होताच ओढीने तो चपटा होतो आणि पाणी येणे थांबते. श्वास आत घेताना छातीही अशीच हवा ओढत असते. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असल्यामुळे वाट उघडी राहते. झोप लागली, की हे स्नायू सैल पडतात. ज्यांची वाट मुळातच अरुंद आहे, त्यांच्यात ती आणखी आवळली जाते. अरुंद जागेतून जाणाऱ्या हवेने टाळू आणि पडजीभ थरथरतात, तोच घोरण्याचा आवाज.

वाट आणखी आवळली, तर हवा कमी जाते. पूर्ण मिटली, तर हवा थांबते. असा खंड किमान दहा सेकंदांचा असेल तर त्याची नोंद वैद्यकीयदृष्ट्या घेतली जाते. कित्येकदा तो अर्धा मिनिट किंवा त्याहूनही जास्त टिकतो. या काळात छाती आणि पोट हलत असतात, माणूस श्वास घेण्याची धडपड करत असतो, पण हवा आत जात नाही. मेंदूकडून श्वासाचा आदेशच न येणे हा याच्या शेजारचा पण वेगळा आणि कमी आढळणारा प्रकार आहे.

मग माणसाला ते कळत का नाही?

हवा थांबली, की रक्तातला प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदू धोका ओळखतो आणि काही सेकंदांपुरती झोप मोडतो. स्नायू ताठ होतात, मोठा हुंकार किंवा गुदमरल्यासारखा आवाज होऊन वाट उघडते. श्वास सुरू होतो आणि झोप पुन्हा लागते. ही जाग इतकी छोटी असते, की सकाळी ती आठवत नाही. मात्र झोप गाढ व्हायला लागली, की हाच प्रकार पुन्हा घडतो.

तासाला असे किती वेळा होते, यावरून तीव्रता ठरवतात. ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. तासाला ३० वेळा श्वास अडत असेल, तर सात तासांच्या झोपेत ही संख्या २१० होते. दोनशेहून अधिक वेळा हलवून उठवलेला माणूस सकाळी ताजातवाना कसा असेल? पण त्याला विचारले, तर ‘झोप छान लागते, पडल्या पडल्या डोळा लागतो’ असेच तो सांगतो. पडल्या पडल्या झोप लागणे हे अनेकदा चांगल्या झोपेचे लक्षण नसते, साचलेल्या थकव्याचे असते.

प्रत्येक वेळी हृदयालाही धक्का बसतो. श्वास अडताच शरीरातली संकटकाळची यंत्रणा जागी होते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. एरवी झोपेत रक्तदाब खाली यायला हवा. या रुग्णांमध्ये तो रात्रीही चढाच राहतो. दोन-तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात न येणाऱ्या रक्तदाबामागे हे एक नेहमीचे कारण असते. हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि टाइप-२ मधुमेह यांच्याशीही या विकाराचा संबंध आढळला आहे.

घोरणारा प्रत्येक जण रुग्ण असतो का?

नाही. अनेक जण घोरतात आणि त्यांचा श्वास अडत नाही. एकसुरी, सलग घोरणे आणि तुटक घोरणे यांत फरक करायला हवा. आवाज चढत जातो, मध्येच एकदम शांतता पसरते, मग हुंकार देऊन किंवा दचकून श्वास सुरू होतो, हा क्रम धोक्याची खूण आहे. घरच्यांना घोरण्याचा त्रास होतो, पण खरे लक्ष द्यायचे ते त्या मधल्या शांततेकडे.

उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते आणि त्रास वाढतो. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल होतात. काही झोपेच्या गोळ्यांनीही तसेच होते. पहाटेच्या सुमारास, स्वप्ने जास्त पडणाऱ्या झोपेत स्नायू सर्वाधिक ढिले असतात. त्यामुळे कित्येकांचा त्रास रात्रीच्या उत्तरार्धात बळावतो.

वजन हे मोठे कारण आहे. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी वाट अरुंद करते. पण सडपातळ माणसालाही हा विकार होऊ शकतो. लहान किंवा मागे गेलेला खालचा जबडा, मोठे टॉन्सिल, मोठी जीभ यांमुळेही जागा कमी पडते. थायरॉइडची कमतरता, वाढते वय आणि घरातला इतिहास हेही घटक आहेत. म्हणून ‘तो तर काटकुळा आहे, त्याला काय होणार’ हा तर्क चालत नाही.

जुन्नर-आंबेगावात हा विकार लपून का राहतो?

कारण इथे थकण्याची खरी कारणेही भरपूर आहेत. टोमॅटो, कांदा, ऊस, भाजीपाला अशी बागायती शेती, डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी, आणि शेतीच्या विजेच्या बदलत्या पाळ्या. रात्रीची पाळी असेल तर रात्री पाणी भरावे लागते. दिवसा वीज मिळावी ही मागणी या भागात बिबट्यांच्या हल्ल्यांमुळे अधिक तीव्र झाली आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या हंगामात तोडणी कामगार, ट्रॅक्टरचालक आणि बैलगाडीवाले यांची झोप तुकड्या-तुकड्यांत होते. दूधवाल्याचा दिवस पहाटे सुरू होतो, तर तमाशाची पंढरी म्हटल्या जाणाऱ्या नारायणगावातल्या फडांच्या कलावंतांची रात्र पहाटे संपते.

अशा ठिकाणी दिवसा डोळा लागणे कोणालाच वावगे वाटत नाही. झोप कमी मिळणे आणि मिळालेली झोप मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. शिवाय घोरणे हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. घोरणाऱ्याला घरात ‘कुंभकर्ण’ म्हटले जाते, त्याचे अंथरूण पडवीत किंवा ओसरीवर घातले जाते. तो दूर झोपू लागला, की श्वास थांबलेला पाहणारे कोणी जवळ उरत नाही. रुग्णाला स्वतःला कळत नाही आणि साक्षीदारही दूर गेलेला असतो.

जागरणाचा थकवा आणि या विकाराचा थकवा वेगळा कसा ओळखायचा?

साधी कसोटी अशी. चार-पाच दिवस पाळी नाही, गाडी नाही, रात्री सलग सात-आठ तास झोपायला मिळाले. जागरणाचा थकवा असेल तर तो अशा आठवड्यात बराचसा भरून निघतो. श्वास अडत असेल तर पूर्ण झोपूनही सकाळी अंग जड असते आणि दुपारी पुन्हा पेंग येते.

याच्या जोडीला काही खुणा पाहाव्यात. सकाळी डोके दुखणे, तोंड आणि घसा कोरडा पडणे, चिडचिड, विसरभोळेपणा, कीर्तनात, बैठकीत किंवा एसटीत बसताच डोळा लागणे. आणखी एक खूण सहसा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे. बंद वाटेतून हवा ओढताना छातीत ताण निर्माण होतो, तो हृदयावर पडतो आणि हृदयातून लघवी वाढवणारे संप्रेरक सुटते. असा माणूस ‘शुगर असेल’ किंवा ‘प्रोस्टेट असेल’ म्हणून तपासण्या करत राहतो. त्या तपासण्या करायलाच हव्यात. पण त्या ठीक आल्या, तर झोपेचाही विचार व्हायला हवा.

डॉक्टर यासाठी दोन सोप्या प्रश्नावल्या वापरतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या ‘एपवर्थ’ प्रश्नावलीत आठ प्रसंग असतात. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारच्या जेवणानंतर शांत बसल्यावर, गाडीत बसल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण झाले, तर झोपाळूपणा प्रमाणाबाहेर आहे असे मानतात. ‘स्टॉप-बँग’ या दुसऱ्या प्रश्नावलीत मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिला आहे का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि पुरुष असणे असे आठ मुद्दे आहेत. तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली, तर तपासणीचा विचार करावा, पाच किंवा अधिक आली तर धोका मोठा समजावा.

चालकांसाठी हा प्रश्न जिवाचा का आहे?

पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा जोडत जातो. आळेफाट्यावर त्याला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग छेदतो, तिथून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरून माल कल्याण-मुंबईकडे जातो. नाशवंत माल वेळेत पोहोचवायचा असल्याने ही वाहतूक रात्रीची असते. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच या वेळेत शरीराचे घड्याळ कोणालाही झोपेकडे ओढते. ज्याची आधीची झोपही मोडलेली आहे, त्याच्यासाठी ही ओढ दुप्पट होते.

डुलकी लागायला मान खाली पडावीच लागते असे नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन सेकंद झोपी जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. एवढे अंतर ती चालकाविनाच कापते. माळशेजच्या वळणांवर ५० मीटर फार होतात.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू मळणे, तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटे जातात, झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे डुलकी काढणे आणि चहा-कॉफी घेणे हा त्यातल्या त्यात खरा उपाय. तोही तात्पुरताच. मूळ विकार असेल, तर उपचारांशिवाय पर्याय नाही. उपचाराने अपघाताचा धोका कमी होतो, हे संशोधनात दिसून आले आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये वाहन परवान्याच्या वैद्यकीय निकषांत या विकाराचा समावेश केला. मध्यम किंवा तीव्र विकाराचा संशय असलेल्या चालकाने तपासणी करून घ्यावी आणि उपचाराने झोपाळूपणा आटोक्यात असेल, तर त्याला गाडी चालवू द्यावी, असा तो दृष्टिकोन आहे. म्हणजे आजार सांगितला तर स्टिअरिंग कायमचे सुटते, असे समजण्याचे कारण नाही.

नाक चोंदल्याने झोप बिघडते का?

बिघडते. नाक बंद असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो, जबडा खाली आणि मागे जातो, घशातली वाट अरुंद होते. नाकाचा वाकडा पडदा, वाढलेले मांस, सततची सर्दी आणि ॲलर्जी ही नेहमीची कारणे. या भागात धूळ, चुलीचा धूर, जाळलेल्या पाचटाचा धूर आणि फवारणी यांनी नाकाला त्रास होतो. त्यात गाजर गवताच्या परागकणांची भर पडते. हे विदेशी गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आले ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. पावसाळ्यानंतर बांधावर आणि रस्त्याकडेला ते फुललेले असताना ज्यांना शिंका आणि चोंदलेपणा वाढतो, त्यांची झोपही त्या दिवसांत बिघडते.

मात्र एक गैरसमज टाळायला हवा. नाकाचा पडदा सरळ केला म्हणजे श्वास अडण्याचा विकार गेला, असे सहसा होत नाही. कारण वाट मिटते ती बहुधा टाळू आणि जिभेच्या मागे. नाक मोकळे झाल्याने आराम पडतो, पुढचे उपचार सोपे होतात, पण मूळ जागा वेगळी असू शकते. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी अडथळा नेमका कुठे आहे, हे तपासून घ्यावे.

महिला आणि मुलांमध्ये लक्षणे वेगळी असतात का?

हो, म्हणूनच ती निसटतात. महिलांमध्ये मोठ्या घोरण्यापेक्षा झोप न लागणे, मध्येच जाग येणे, दिवसभर थकवा, उदासी, डोकेदुखी अशा तक्रारी जास्त दिसतात. त्यावर ‘रक्त कमी असेल’ किंवा ‘टेन्शन असेल’ असे उत्तर मिळते. पाळी थांबल्यानंतर महिलांमध्ये या विकाराचे प्रमाण वाढते. पहाटे उठून चूल, गोठा, मग रोजंदारी अशा दिवसात थकवा गृहीतच धरला जातो. बाई रात्री नवऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवते, पण तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवणारे कोणी असतेच असे नाही.

मुलांमध्ये मुख्य कारण टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी वाढणे हे आहे. असे मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, मान मागे टाकून किंवा गुडघे पोटाशी घेऊन विचित्र पद्धतीने झोपते, घामाघूम होते, कधी अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगण्याऐवजी चुळबुळे आणि चिडके होते, वर्गात लक्ष लागत नाही. वाढही खुंटू शकते. शाळेत ते ‘मस्तीखोर’ ठरते. मुलांमधल्या या त्रासावर टॉन्सिल-ॲडिनॉइड काढणे हा प्रमुख उपचार आहे आणि बहुतेकांना त्याचा चांगला गुण येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीला येते, तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी हे मुद्दाम सांगावे.

महाराष्ट्रात हा विकार किती आढळतो?

या विषयावरचा एक महत्त्वाचा भारतीय अभ्यास मुंबईचाच आहे. हिंदुजा रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील ६५८ निरोगी समजल्या जाणाऱ्या शहरी पुरुषांची पाहणी केली आणि त्यांतील २५० जणांची झोप तपासली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के होते. श्वास अडणे आणि दिवसा झोपाळूपणा अशा दोन्ही गोष्टी असलेले ७.५ टक्के होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी विविध भारतीय अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला, की देशातील कामाच्या वयातील सुमारे १०.४ कोटी लोकांना हा विकार असावा. त्यांपैकी ४.७ कोटींचा त्रास मध्यम किंवा तीव्र आहे.

सर्वसामान्यांपर्यंत हे नाव पोहोचले ते १५ फेब्रुवारी २०२२ रोजी. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत वयाच्या ६९ व्या वर्षी निधन झाले. त्यांना अनेक व्याधी होत्या आणि मृत्यूचे कारण म्हणून रुग्णालयाने ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’चा उल्लेख केला. त्यानंतर काही दिवस घोरण्याबद्दल गांभीर्याने बोलले गेले.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

पहिल्या पायरीसाठी पुण्याला जावे लागत नाही. नेहमीचे डॉक्टर, जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय इथे रक्तदाब, रक्तातील साखर, थायरॉइड, वजन, मानेचा घेर आणि नाक-घशाची प्राथमिक पाहणी होऊ शकते. संशय बळावला, तर कान-नाक-घसातज्ज्ञ किंवा छातीविकारतज्ज्ञांकडे जावे.

निदानासाठी झोपेची चाचणी लागते. पूर्ण चाचणीत रुग्णालयात एक रात्र झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकातली हवा, छाती-पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके आणि प्राणवायू यांची नोंद घेतात. ज्यांच्यात विकाराची शक्यता जास्त आहे आणि इतर गुंतागुंत नाही, त्यांच्यासाठी घरी करायची छोटी चाचणीही असते. बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र, छातीला पट्टा आणि नाकाशी नळी लावून झोपायचे. मनगटी घड्याळ किंवा मोबाइल ॲप यांवरून शंका घेता येते, निदान करता येत नाही.

उपचार कोणते आणि ते कितपत उपयोगी?

मध्यम आणि तीव्र विकारावरचा मुख्य उपचार म्हणजे ‘सीपॅप’ यंत्र. नाकावर मास्क लावून त्यातून हलक्या दाबाने हवा सोडली जाते आणि तो दाब घसा मिटू देत नाही. यातून औषध किंवा प्राणवायू दिला जात नाही, आपली साधी हवाच असते. सिडनीतील डॉ. कॉलिन सलिवन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याआधी अशा तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता.

या यंत्राने झोपाळूपणा कमी होतो, घोरणे थांबते, रक्तदाब थोडा उतरतो. पण ते रोज वापरले तरच. हृदयविकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांत घट दिसली नाही. त्यात रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते. झोपाळूपणा आणि जगण्याची गुणवत्ता मात्र सुधारली. म्हणून यंत्र घेऊन ते कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. मास्क चेहऱ्याला नीट बसतो का, नाक कोरडे पडते का, हे पहिल्या काही आठवड्यांत तपासून दुरुस्त करून घ्यावे. साध्या यंत्रालाही काही दहा हजार रुपये मोजावे लागतात, त्यामुळे खरेदीआधी काही दिवस भाड्याने वापरून पाहता येते का, हे विचारावे. खेड्यात लाईट जाण्याचा प्रश्न असतोच. इन्व्हर्टर किंवा बॅटरीची सोय आधी पाहावी.

यंत्राबरोबर किंवा सौम्य विकारात इतर उपायही आहेत. वजन दहा टक्क्यांनी घटले, तर श्वास अडण्याचे प्रमाण साधारण पावपट कमी होते, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात आढळले. कुशीवर झोपण्याने काहींना बराच फरक पडतो. रात्रीची दारू बंद करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे साधन प्रशिक्षित दंतवैद्य बनवून देतात. निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया उपयोगी पडते. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र विकार असलेल्या प्रौढांसाठी ‘टिर्झेपटाइड’ या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे औषध आहे. झोप येत नाही म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणून घेणे मात्र या रुग्णांसाठी घातक ठरू शकते. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याची आणि श्वास अडण्याची माहिती आवर्जून द्यावी.

आज रात्री घरात काय करता येईल?

या विकाराचा पहिला शोध रुग्णालयात लागत नाही, घरातच लागतो. शेजारी झोपणाऱ्या पत्नीला, आईला, भावाला, गाडीवरच्या क्लीनरला तो आधी दिसतो. घोरणे एकदम थांबले, की ‘बरे झाले, शांत झोपला’ असे न समजता छाती हलते आहे का आणि श्वास किती वेळाने सुरू होतो, ते पाहावे. मोबाइल उशाशी ठेवून अर्ध्या तासाचा आवाज किंवा काही मिनिटांचा व्हिडिओ, त्या व्यक्तीला आधी सांगून, घ्यावा. पहाटेच्या सुमाराचा घेतला तर अधिक चांगले. तो डॉक्टरांना ऐकवावा. रुग्णाच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेतून डॉक्टरांना जास्त कळते.

तोपर्यंत त्या माणसाला कुशीवर वळवावे. आणि त्याला रात्रीची गाडी न्यायची असेल, तर एवढी खेप दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.